तांब्यावरचं नाव

तुळशीचं लग्न झालं, की आमच्या तालुक्याच्या गावात भांड्यांच्या दुकानापुढे गजानन पोतं टाकून बसतो. आहेराच्या भांड्यांवर छोट्या मशीनने नावं घालतो. दरवर्षी त्याच्याभोवती एवढी गर्दी, की मी हातात भांडं घेऊन तीन-तीनदा परत फिरतो. यंदा एकही माणूस नव्हता. मित्राच्या मुलीचं लग्न त्याच संध्याकाळी, त्यामुळे मी खुशीत ओरडलो, "वा गजूभाऊ! आज लगेच नंबर!"

त्याने मान वर केली. "सर, बोंडं झाडावरच भिजली. कापूसच घरात नाही, तं लोकाईनं लग्नं कायच्यावर काढाव? ज्याले पगार आहे त्याच्याच घरी मांडव."

'अर्थव्यवस्थेत शेतीचे स्थान' हे प्रकरण मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. मुद्दे अजून तोंडपाठ आहेत. आणि तेच प्रकरण समोर मांडी घालून बसलेलं असताना मला दिसलं काय, तर रांग नाही!

शरमून मी तांब्यावर माझं नाव, बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं घालायला सांगितलं.

"पिनकोडबी टाकू का?" तो हसला.

मशीन घरघरू लागलं, तसा पलीकडचा बांगडीवाला नुसतं बघायला उठून आला. सगळ्या ओळीत तेवढाच एक आवाज होता.

जिल्हा संपला आणि गजानन थांबला. लग्नसराईत दिवसाला शंभर भांड्यांवर तारीख घालणारा हा माणूस. मशीन तसंच हातात धरून त्याने हळूच विचारलं, "सर, आज तारीख किती?"