दूध पाजू नका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी लातूरची. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. देगलूरच्या शबानाची दोन बाळं जन्मल्यावर पंधरा दिवसांच्या आतच दगावली होती. कावीळ, म्हणाले सगळे. मला संशय वेगळाच होता — दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्या बाळांत बनतच नसावं. मी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं रक्त आणलं. त्या एन्झाइमचा जीन वेगळा काढला, जिवाणूंत घालून त्याच्या प्रती वाढवल्या, अक्षर न् अक्षर वाचलं. दोघांच्याही जीनमध्ये एकाच जागी बिघाड — त्यांना स्वतःला त्रास न देणारा, पण दोघांकडून मिळाला तर बाळाला घातक! तसा बिघाड आधी कुणीच नोंदवला नव्हता.

आनंद झाला होता मला. हो — आनंदच.

त्याच आठवड्यात शबानाचा फोन आला. "म्याडम, रिपोर्ट आला का? मला सातवा लागलाय. लई भ्या वाटून राहिलं."

कागद माझ्यासमोर होता. सांगायचं तरी काय होतं? एवढंच — बाळाला दूध पाजू नका, आधी तपासणी करा, तोवर सोयाबीनची बाळांसाठीची पावडर द्या. पण ती डॉक्टरला सांगणार, डॉक्टर आणखी कुणाला... माझा शोधनिबंध अजून छापायचा होता. दुसऱ्या कुणी आधी छापला तर? माझ्या मार्गदर्शक सरांनी मनाई केली होती म्हणावं — तर तसंही नाही. मी त्यांना विचारलंच नाही.

"अजून न्हाई आला, ताई," मी म्हणाले.

तिचे दिवस भरत आलेत हे विसरले होते का? नाही. रोज आठवायचं. रोज लिहीत बसायचे.

मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. शबानानंच कळवलं — "अंगावर चांगली पीत होती, म्याडम. अन् पिवळी पडत गेली."

मग मी रिपोर्ट पाठवला. तारीख पाठवला त्या दिवशीची टाकली, जणू तेव्हाच आला होता. आणि निबंधात 'दोन अपत्ये दगावली' असं होतं, तिथं दोनचे तीन केले.

मागल्या वर्षी तिला मुलगा झाला. त्यालाही तोच आजार निघाला. पण पहिल्या दिवसापासून पावडरच दिली, म्हणून जगला. आता रांगतो. शबाना त्याला फोनजवळ धरते — "सलाम कर बेटा, ह्यांनीच वाचवलं तुला."

मी "खुश राहा" म्हणते. तिला अजून सांगितलेलं नाही.