सायकलवरून न उतरणारा चंद्रभान

चंद्रभान माळ्याला अमरावतीत कोणी चालताना पाहिलं नाही. अकरा वर्षं तो रोज सकाळी दर्यापूरच्या रस्त्यानं शहरात यायचा, परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत शिरायचा, बुधवाऱ्यात आणि अंबादरवाजाच्या आसपास साठ-सत्तर घरी देवाची फुलपुडी द्यायचा आणि आल्या पावली परत जायचा. आता आल्या पावली तरी कसं म्हणावं? पाऊल त्यानं जमिनीला टेकवलंच नाही कधी. दारासमोर सायकल उभी राहायची, हा वर तसाच बसलेला, दोन बोटं पुढं, दोन बोटं मागं असा झुलत. पळसाच्या पानातली पुडी हातात द्यायची, 'जय अंबा' म्हणायचं, की निघाला. बुधवाऱ्यातल्या बायका म्हणायच्या, माळी मोठा तोऱ्याचा आहे हो, लाटसाहेबासारखा खाली उतरत नाही.

तोरा कसला डोंबलाचा! उतरला असता तर लंगडताना दिसला असता, एवढंच ते.

चौदा वर्षांचा असताना त्याच्या उजव्या पायातून नारू निघाला. त्या काळी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावांत हे दरसाल कोणाच्या तरी नशिबी यायचंच. काडीवर गुंडाळत गुंडाळत तो दोऱ्यासारखा किडा रोज थोडा थोडा बाहेर काढायचा असतो. याचा मधेच तुटला. पाय पिकला, मांडीपर्यंत सुजला. पोरगं वाचलं हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. पण पाय बरा झाला तेव्हा पोटरी वाळली होती आणि पायात जीव म्हणून उरला नव्हता. गुडघा वाकायचा, पण जोर शून्य. गावानं मग लंगडा चंद्या हे नाव ठेवलं ते ठेवलंच. जमुनाशी लग्न झालं तेव्हा मांडवातसुद्धा कोणीतरी त्याच नावानं हाक मारली, आणि नवरीनं ती ऐकली.

जमुना फुलमाळ्याच्या घरचीच होती. तिनं त्या पायाचं कधी वाईट वाटून घेतलं नाही, उलट तो पाय तिनं आपलाच मानला. रोज संध्याकाळी जवसाचं तेल कोमट करून ती पोटरी चोळायची.

सायकल आली लग्नानंतर चार वर्षांनी. बाजारच्या गावी महादेवराव म्हणून सायकलींचा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे कुठल्याशा जिनिंगच्या साहेबानं टाकून दिलेली जुनी सायकल पडून होती. तिला गिऱ्हाईक मिळेना, कारण तिचं पायंडल थांबत नसे. चाक फिरतंय तोवर पायंडल फिरणारच. उतारावर पाय मोकळे सोडून बसायची सोय नाही. आणि थांबायचं तर पायानंच उलटा दाब द्यायचा, ब्रेक म्हणून काही नाहीच. तोवर सगळीकडे फ्रीव्हीलच्या, पाय थांबवता येणाऱ्या, सायकली आल्या होत्या. ही असली राबवून घेणारी सायकल कोण विकत घेणार?

चंद्रभान सहज गंमत म्हणून तिच्यावर बसला आणि उतरायचं नावच घेईना. डाव्या पायानं त्यानं जोर दिला, डावं पायंडल खाली गेलं, आणि चाकानं स्वतःच्या वेगानं ते परत वर आणलं. त्याच फेऱ्यात उजवा पायही वर-खाली फिरला, चांगल्या पायासारखा. घरी येऊन त्यानं जमुनाला सांगितलं, "मी चालवून नाई राह्यलो वो तिले. आमी दोघं मिळून चालून राह्यलो. माहा मेलेला पाय थे उचलून नेते."

जमुना हसली. माणूस खुश आहे ना, मग झालं, एवढंच तिला समजलं. खरं काय झालं होतं ते तिच्या ध्यानात यायला पुढं अकरा वर्षं लागली.

त्यानं उजवा पाय पायंडलाला सुताच्या पट्टीनं बांधायला सुरुवात केली. घरच्या ओट्यावरून सायकलवर बसायचं आणि घरच्या ओट्यावरच उतरायचं. मधे अडीच कोस जाणं, अडीच कोस येणं, आणि ती साठ-सत्तर दारं. चहाची तलफ आली तरी टपरीवर थांबायचा नाही. एकदा भर बुधवाऱ्यात चाक पंक्चर झालं, तर पठ्ठ्यानं तसंच फटफट वाजवत घरापर्यंत आणलं आणि रिमचा पार चेंदामेंदा केला. जमुनानं विचारलं, "उतरून हातानं काहून नाई आनली?" तो म्हणाला, "कोन उतरते बाप्पा."

दारात झुलत उभं राहायची विद्या त्याला दोन महिन्यांत आली. पाय किंचित पुढं, किंचित मागं, सायकल जागच्या जागी. दुसऱ्या सायकलीवर ते जमतच नाही, कारण तिथं पाय मागं घेतला की तो नुसता हवेत फिरतो. पाहणाऱ्याला वाटे माणूस कसा ताठ बसलाय. गावात तो लंगडा चंद्या होता आणि शहरात चंद्रभान माळी.

पण संध्याकाळी तो पाय फुगायचा. पाच कोस त्याला चाकानं फरफटवलेलं असायचं. चोळताना तो दात आवळून पडायचा. हिला थांबताच येत नाही, माझ्या माणसाच्या पायाला घडीभर आराम देत नाही, म्हणून त्या सायकलीचा जमुनाला मनातून राग यायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या तिसऱ्या वर्षी चंद्रभान हिवतापानं पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. जमुनानं ठरवलं, हीच वेळ. शेजारचे नत्थुजी बाजाराला बंडी नेत होते. तिनं सायकल त्यांच्या बंडीत टाकली आणि महादेवरावाकडे गेली. महादेवरावाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मांडवाची सारी फुलं, नवरा-नवरीचे हार, वेण्या, सगळं मी देते, तुम्ही या सायकलीचं पायंडल थांबतं करा, असा सौदा तिनं केला. चार दिवस बोटं सुजेपर्यंत ती शेवंतीचे हार गुंफत होती. महादेवरावानं मागच्या चाकाची, पायंडल सतत फिरतं ठेवणारी जुनी चकरी काढली, फ्रीव्हील बसवलं, पुढं ब्रेक लावला. बाईनं नवऱ्यासाठी एवढं केलेलं पाहून तोही गहिवरला आणि घंटी फुकट लावून दिली.

चंद्रभान उठला त्या सकाळी तिनं सायकल ओट्याला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "आता तुमच्या पायाले आराम भेटन."

त्यानं चाकाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड फुलून आलं होतं. "बरं केलं तू," म्हणाला आणि सायकलवर बसला. घरासमोरची गल्ली उताराची. दोन्ही पाय स्थिर ठेवून तो अलगद खाली गेला. जमुना ओट्यावर उभी राहून त्या थांबलेल्या पायाकडे पाहत होती, आणि तिचा जन्म सार्थकी लागला होता.

उतार संपला तिथं काय झालं ते तिला दिसलं नाही. डावं पायंडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. त्याला वर आणायला आता चाक येणार नव्हतं. उजव्या पायानं दाबायचं होतं, आणि उजव्या पायात तर काहीच नव्हतं. डावा पंजा पायंडलाखाली अडकवून, ओढून, पुन्हा दाबून, असा तो माणूस अडीच कोस गेला. तापातून उठलेला. दारात उभं राहणं तर गेलंच. मग त्यानं काय करावं? उतरला नाहीच. चालत्या सायकलवरून पुड्या ओट्यांवर फेकू लागला.

देवाची फुलं जमिनीवर पडली की देवाला चालत नाहीत. ज्या घरात एवढी साधी गोष्ट पाळतात त्या घरी रोज पुडी धुळीत पडू लागली, तर कोण ऐकून घेईल? माळ्याला माज आला, अशी बोलाचाली झाली. आठ दिवसांत पंधरा घरं तुटली. त्यानं माज आला हे ऐकून घेतलं, पण पाय दाखवला नाही. आणि घरी त्यानं चकार शब्द काढला नाही. बोलला असता तर काय बिघडलं असतं? महादेवरावाकडे जुनी चकरी तेव्हा होती. पण आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांना जपतात ते असं, तोंड शिवून. मला तर राग येतो या जपण्याचा.

नवव्या दिवशी, उजाडता उजाडता, नाल्याच्या उतारावर समोर म्हैस आडवी आली. हात ब्रेककडे गेलाच नाही. अकरा वर्षांच्या सवयीनं पाय मागं दाबला गेला, तो रिकामाच फिरला, आणि चंद्रभान सायकलीसकट नाल्यात गेला. उजवा पाय पट्टीनं बांधलेला होता, सुटता आलं नाही. डाव्या मांडीचं हाड मोडलं.

नत्थुजींना तो तिथं सापडला. त्यांनी बंडीत घातलं आणि बैल अमरावतीकडे वळवले, कारण मोठा दवाखाना तिथंच. चंद्रभान कण्हत होता, तरी त्यानं त्यांचा हात धरला. "शहरात नका नेऊ मले. पाया पडतो तुमच्या." नत्थुजी भला माणूस. मरणाऱ्याची इच्छा समजून त्यांनी बंडी गावाकडे फिरवली. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.

खाटेवर पडल्या पडल्या तिसऱ्या दिवशी त्यानं जमुनाला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुही काय चूक," एवढंच म्हणाला, "तुले मी तिथं शहरात कवा दिसलोच नाई."

ती तशीच उठली आणि बाजारच्या गावी चालत गेली. महादेवराव म्हणाला, ती चकरी मोडीत गेली. लढाईमुळं मोडीला भाव आलाय, लोखंड कोणी ठेवून घेत नाही. तशी दुसरी नागपुराहून मागवून पाहतो, पण सामानच येऊन नाही राह्यलं. जमुना परत आली. आणि खरं सांगायचं तर चकरी मिळूनही उपयोग नव्हता. आता दोन्ही पाय गेले होते.

पोट तर चालवायचं होतं. महिन्याभरानं ती डोक्यावर टोपलं घेऊन चालत अमरावतीला गेली. पहिलंच घर गोदाबाईंचं, बुधवाऱ्यातल्या जुन्या गिऱ्हाईक. चंद्रभान माळ्याच्या घरची म्हणताच त्यांनी तिला दारातच फैलावर घेतलं.

"तू त्याची बायको ना? सांग त्याला, देवाची फुलं अशी फेकतात का? चांगला ताठ गडी, हातीपायी धड, त्याला दारात क्षणभर थांबायला काय होत होतं?"

जमुनाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. हातीपायी धड नाहीत वो माय ते, लंगडे आहेत, लहानपणापासून. एवढं म्हटलं असतं तर गोदाबाईंचा राग तिथंच विरघळला असता, पंधरा घरं परत आली असती, वर शिळंपाकं, जुनं लुगडंही मिळालं असतं. तिनं टोपलं ओट्यावर टेकवलं. हातीपायी धड, हे शब्द तिनं नवऱ्याबद्दल जन्मात पहिल्यांदा ऐकले होते. अकरा वर्षं तो इथं काय मिळवायला येत होता ते तिला त्या दारात कळलं, आणि आपण त्याचं काय हिरावून घेतलं तेही कळलं.

"घाईत होते," ती म्हणाली. "अकोल्याले मोठ्या बागेचं काम भेटलं त्याईले. तिकडेच राह्यते आता."

"असं होय," गोदाबाई म्हणाल्या. "सायकल नेली का?"

"नेली ना."

घरी येऊन तिनं त्याला सांगितलं. त्यानं तिच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "अकोल्याले. बरं सांगतलं." त्यानंतर शहराचं नाव त्यानं काढलं नाही. अकोल्याला गेलेला माणूस बंडीत बसूनही अमरावतीला कसा जाणार? घरात बसून तो पुड्या बांधायचा, आणि ती दारोदार वाटायची. कोणत्या घरी कोणी काय विचारलं ते रोज तिच्याकडून ऐकून घ्यायचा. असा तो पाच वर्षं जगला.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी, थंडीत, तो गेला. गावानं तेरावं केलं, जमुनाच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. चौदाव्या दिवशी ती टोपलं घेऊन निघाली. शहर दिसू लागलं तशी रस्त्याकडेच्या बाभळीखाली थांबली. पांढऱ्या कपाळानं त्या दारांत गेली असती तर लोकांनी विचारलं असतं, कधी गेला, कशानं गेला, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली, मनगटात दोन बांगड्या चढवल्या. विधवा बाईनं कुंकू लावणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. गावानं पाहिलं असतं तर जगू दिलं नसतं.

"मालक कसे आहेत गं अकोल्याला?" गोदाबाईंनी विचारलं.

"बरे आहेत," जमुना म्हणाली आणि पुडी त्यांच्या हातात ठेवली.

अशी ती पुढं दोन वर्षं गेली. रोज परतताना त्या बाभळीखाली बसून बांगड्या उतरवायची, पदराच्या टोकानं कुंकू पुसायची, आणि रोज नव्यानं रडायची.