चिकटपट्टी लावलेला पिपेट

सरांनी माझ्या हातातून पिपेट घेतला नाही. टेबलावर ठेवायला लावला. मग शिपायाला, मल्लप्पाला, हाक मारली आणि सांगितलं, "हा वेगळा काढ. याला खूण कर."

मी तेव्हा पहिल्यांदाच पिपेट तोंडाला लावला होता. काचेची लांब, बारीक नळी. वरचं टोक ओठात धरायचं, पाणी रेघेपर्यंत ओढायचं, झटकन बोटानं टोक दाबायचं आणि हवं तेवढंच परीक्षानळीत सोडायचं. त्या काळी सगळे असंच करत. पाणी बरोबर रेघेवर थांबलं होतं. शेजारच्या विद्यानं मान डोलावली होती. मला वाटलं, सर शाबास म्हणतील.

मल्लप्पानं पिपेटच्या टोकाखाली चिकटपट्टी गुंडाळली. जखमेला लावतात ती. सर माझ्याकडे बघून हसले. रागाचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर. म्हणाले, "हा तुझा. तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय. स्टँडातल्या बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही."

विद्या डॉक्टरांची मुलगी. सुधीरचे वडील कोर्टात मोठे वकील. आणखी तिघं होते. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी आपापल्या नळ्यांत डोकं घातलं. कुणी विचारलं नाही, हिलाच का वेगळा. विचारायचं काय होतं? सगळ्यांना माहीतच होतं.

ती सरकारची योजना होती. जीवशास्त्र घेतलेल्या पोरांनी उन्हाळ्याची सुट्टी वाया न घालवता प्रयोगशाळेत काम शिकावं, त्याबद्दल सरकार विद्यावेतन देणार. शेवटी दाखला. दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात माणसं मिळेल त्या आडाचं, टाकीचं पाणी पीत होती, म्हणून आमच्या कॉलेजनं शहरातलं पिण्याचं पाणी तपासायचं काम मागून घेतलं. पाण्यात मैल्याचे जंतू असले की नळीत गॅसचा बुडबुडा धरतो. तो शोधायचा. एक जागा मागासवर्गीयांना द्यायची अशी सरकारची अट. ती जागा मी.

आम्ही बौद्ध. भवानी पेठेच्या पलीकडे आमची वस्ती. आबा गिरणीत, आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली मुलगी. या दाखल्यावर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळू शकते असं कळलं होतं. नोकरी. पांढरा कोट. टेबलावर माझी स्वतःची दुर्बीण, म्हणजे सूक्ष्मदर्शक. आई त्याला दुर्बीणच म्हणायची. एवढंच मला पाहिजे होतं. फार काही मागत नव्हते.

वेगळ्या पिपेटची गंमत नंतर कळली. प्रत्येक नमुन्याला नवा, कोरडा, तापवून घेतलेला पिपेट लागतो. इतरांसाठी स्टँड भरलेला असायचा. एक वापरला की दुसरा उचल. कुणाच्या तोंडातला कुणाला जातो याचा पत्ता नसायचा. माझा मात्र एकच. एक नमुना झाला की तो धुवायचा, ओव्हनमध्ये तापवायचा, निवू द्यायचा. तोवर दिवस सरायचा. विद्या-सुधीरचे नमुन्यांचे ढीग व्हायचे. माझा रोज एक.

आठवडा झाल्यावर सर म्हणाले, "तुझं काम कमी भरतंय."

मी म्हणाले, "सर, पिपेट एकच आहे."

"तोच नीट वापर. आणि रिकामी बसू नकोस. नमुने आणत जा, काचसामान धूत जा. तेही शिक्षणच आहे."

म्हणजे हात बांधायचे आणि वर विचारायचं, जेवत का नाहीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सकाळी मी बाटल्या घेऊन बाहेर पडायची. सोलापूरचा मे महिना. डांबर चपलेला चिकटायचं. आड, टाक्या, नळ. वस्त्यांत मलाच पाठवत, आमच्याही आणि इतरांच्याही. पेठेतल्या चांगल्या घरांतले नमुने सुधीर स्कूटरवरून आणायचा. तिथं मला कुणी आडाजवळ उभं करणार नाही, असं सरांनीच सांगितलं होतं, अगदी काळजीनं. दुपारी परत आलं की मोरीवर बसायचं. साबणाचं पाणी, साधं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी. मल्लप्पा अक्कलकोटकडचा, कानडी हेल काढून बोलायचा. माझ्यामुळं त्याचं धुणं सुटलं म्हणून खूश होता. त्यानंच मला दाखवलं.

"धुतला म्हनून सोडू नको, बाई. पानी वडून बघ येकदा. चोंदला आसंल तर सर माज्यावर वराडत्यात."

म्हणून मी ओढून बघायची. एकेक पिपेट. मग ते ओव्हनमध्ये जायचे.

त्या ओव्हनपाशी मी पुष्कळदा उभी राहायची. एवढ्या उष्णतेत कुठलाही जंतू टिकत नाही, असं सरांनीच वर्गात शिकवलं होतं. मी ते उत्तर परीक्षेत लिहून पूर्ण मार्क घेतले होते. मग माझ्या ओठाचं असं काय होतं, जे त्या आगीतही मरत नव्हतं? सर शास्त्र शिकवायचे. चांगलं शिकवायचे. पण कॉलेजच्या फाटकातून आत येताना जे सोबत आणायचे ते फळ्यावर कधी पुसलं जायचं नाही.

एकदा संध्याकाळी आबांना सांगितलं. ते दारात बसून पाय धूत होते. अंगावर कापसाचे तंतू तसेच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साच्यावर जायला मी बी गेल्तो की येकदा."

साचा म्हणजे माग. गिरणीत कापड विणायचं खातं. मजुरी जास्त, मान जास्त. आबा जन्मभर सूतखात्यात राहिले, का ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आडवा धागा न्हेनाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक भोकातनं ओठानं वडून घ्यावं लागतंय," आबा म्हणाले. "ह्येचा धोटा त्येच्या हातात, त्येचा ह्येच्या. मुकादम म्हनला, तुमचं तोंड धोट्याला लागलं तर बाकीची साचं बंद ठिवतील. जावा सूतखात्यात."

"मग?"

"मग काय. ग्येलो."

तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतत म्हणाले, "तू गप ऱ्हा. त्येवढा दाखला पदरात पडू दे."

मी गप्प राहिले. पण त्या दिवसानंतर पिपेट हातात घेतला की मला आबांचे ओठ दिसायचे. विडीनं काळवंडलेले, फुटलेले. त्या ओठांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? कापड तर तेच होतं. बाजारात जाऊन सगळ्यांच्याच अंगावर चढणारं.

योजना संपत आली तेव्हा पुण्याहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. सरकारचा पैसा, म्हणून सरकारचा माणूस. सकाळपासून धावपळ. टेबलांवर धुतलेल्या चादरी, साहेबांसाठी काचेच्या बशीत काजू. सरांनी स्वतः पिपेट ओठाला लावून आम्हाला पुन्हा एकदा पद्धत दाखवली, साहेबांपुढं कुणाची चूक नको म्हणून. पिपेट अर्थातच स्टँडातला. आदल्या दुपारी मी धुतलेला.

साहेब हसतमुख होते. एकेकाशी बोलत माझ्यापाशी आले. सर पुढं झाले.

"ही मागासवर्गीयांच्या जागेवरची. अटीप्रमाणे घेतली आहे. शिवाय आम्ही हिची वेगळी सोयही केली आहे."

त्यांनी मल्लप्पाला खूण केली. मल्लप्पानं खिडकीतला माझा पिपेट ट्रेमध्ये ठेवून आणला. चिकटपट्टी आता मळून काळी झाली होती. सर तिच्याकडे कौतुकानं बघत होते. खरोखर कौतुकानं. लपवायचं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं.

"म्हणजे कुणाचीच कुचंबणा नको," सर म्हणाले.

"छान," साहेब म्हणाले. "बघू, एक चाचणी करून दाखव."

मल्लप्पा ट्रे धरून माझ्यापुढं उभा. हात पुढं केला की झालं. पाणी ओढायचं, सोडायचं, साहेबांनी पुन्हा छान म्हणायचं, दाखला पदरात. आबांनी सांगितलं तसं. आणि माझं डोकं फिरलं. अपमान तर रोजचाच होता. पण त्या अपमानाचंच प्रदर्शन मांडायचं, आणि वर मी आभार मानल्यासारखं तोंड करायचं?

मी ट्रेच्या बाजूनं गेले. स्टँडातला पिपेट उचलला. ओठात धरला, पाणी ओढलं, रेघेवर थांबवलं, नळीत सोडलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. पिपेट वापरलेल्या पिपेटांच्या मांडणीत ठेवला, विद्याच्या पिपेटला लागून.

सरांना राहवलं नाही. साहेब उभे आहेत हेही विसरले. म्हणाले, "मल्लप्पा, तोही वेगळा काढ."

सवयच ती. जीभ आपोआप वळली.

मी म्हणाले, "सर, मग सगळेच वेगळे काढावे लागतील."

"म्हणजे?"

"धुतल्यावर पिपेट चोंदलाय का ते तोंडानं पाणी ओढून बघावं लागतं. तुम्ही मला धुवायला बसवलंत तेव्हापासून सगळे पिपेट मीच ओढून बघतेय. सकाळी तुम्ही ओठाला लावलात तोसुद्धा."

सुधीरच्या तोंडात पिपेट होता. त्यानं तो हळूच काढून खाली ठेवला. विद्यानं ओठांवर हात ठेवला, मग माझ्याकडे बघून हात खाली घेतला. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. पुसतच राहिले. सकाळपासून त्यांनी चहा घेतला होता, पान खाल्लं होतं. तरी पुसत होते.

साहेब भिंतीवरच्या बेडकाच्या तक्त्याकडे बघत होते. म्हणाले, "चला, पुढच्या कॉलेजला उशीर होतोय."

बस. सरकार एवढंच बोललं.

संध्याकाळी सरांनी खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं नाही. "कानामागून आली आणि तिखट झाली," म्हणाले. "तू हे मुद्दाम केलंस. तसं लिहून दे, माफी माग. मग दाखल्याचं बघू."

"मी मुद्दाम काही केलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही मला धुवायला बसवलंत. धुतात कसं ते तुम्ही कधी बघितलं नाही."

"बाहेर जा."

गेले. दुसऱ्या दिवशी फाटकावर मल्लप्पानंच अडवलं. सरांनी आत सोडू नको म्हणून सांगितलं होतं. खाली बघत म्हणाला, "समदे पिपेट फोडून टाकाया लावले, बाई. नवे मागिवल्यात." सरकारी पैशाचे, चांगले, स्वच्छ पिपेट. नवे येईपर्यंत योजना संपली. आमच्या वस्तीच्या टाकीचा नमुना मी आणून ठेवला होता, तो तसाच फडताळात राहिला. त्यात बुडबुडा धरला असता की नाही, कुणाला कळलं नाही. माणसं ते पाणी पीतच राहिली.

आई फार चिडली. "वाकायचं हुतं की जरा," म्हणाली. "आपल्यासारक्याला ताठ मान परवडती व्हय?" ती विड्या वळत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिचा हात रिकामा नव्हता. मला तिचा राग आला नाही. मला राग आला तो याचा, की तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

आबांनी विडी पेटवली. मग त्यांनी विचारलं, "तू वडलेलं पिपेट समद्यांनी तोंडाला लावलं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"कुनाला काय झालं?"

"काही नाही, आबा."

आबांनी हातातली विडी विझवली. म्हणाले, "मग मला सूतखात्यात का ठिवलं जन्मभर?"

त्यांना माझ्याकडून उत्तर नको होतं. पण ते कुणाकडे आहे हे मला त्या संध्याकाळी पक्कं कळलं. सरांकडे आहे, मुकादमाकडे आहे, बेडकाच्या तक्त्याकडे बघणाऱ्या त्या साहेबांकडे आहे. आणि ते त्यांना द्यावं लागेल.

माफी मी लिहून दिली नाही. देणार नाही. दाखला मिळाला नाही, नोकरीची ती वाट बंद झाली, याचं मला दुःख आहे, आजही आहे, ते मी लपवत नाही. पण एक गोष्ट मी ठरवून टाकली. इथून पुढं मला दिलेली वेगळी कुठलीही वस्तू मी हातात घेणार नाही. वेगळा पिपेट नाही, वेगळा कप नाही, वेगळी खुर्ची नाही, प्रेमानं दिली तरी नाही. द्यायचं असेल तर स्टँडातलं द्या. देणार नसाल, तर मी स्वतः जाऊन उचलीन, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावीन, आणि परत तिथंच ठेवीन.

फोडायचे तेवढे फोडा.