भाऊजींनी फुलांना वाळू दिली

माझे धाकटे दीर गवंडी. त्यांच्या हातून शेकड्यांनी भिंती उभ्या राहिल्या, पण घरात एक कपबशी टिकली नाही. जाऊबाई त्यांना चहासुद्धा स्टीलच्या पेल्यात देतात. कामावरचे लोक त्यांना ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधून सोडतात ते वजन. कुणाकडे गेले तरी भाऊजी आधी दाराची चौकट बघणार, "अर्धा इंच कललीय" म्हणणार, मग बसणार. म्हणून लोक त्यांना बोलवायचे कमी नि घाबरायचे जास्त.

जाऊबाईंनी गॅलरीत कुंडीत गुलाब लावला होता. चार वर्षं त्यानं काटे सोडून काही दिलं नाही. त्या रोज पाणी घालायच्या, बोलायच्यासुद्धा त्याच्याशी. आणि झालं काय, त्या स्टुलावरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, तीन आठवडे दवाखान्यात. पाचव्या दिवशी गुलाब फुलला. एक नाही, चांगली तीन फुलं, लालभडक.

वॉर्डात फुलं न्यायला बंदी. माझी सून म्हणाली, "काका, मोबाइलवर फोटो काढून दाखवा की."

"फोटोला बोट लावता येतं का?"

"येतं की. बोटानं मोठा पण होतो."

संध्याकाळी भाऊजींनी मला फोन केला. "वहिनी, फूल टिकवायचं कसं हो? ती घरी आली की तिच्या हातात द्यायचंय. चार वर्षं वाट बघितलीय तिनं."

माझं दूध उतू चाललेलं. म्हटलं, "सोपं आहे. डब्यात ठेवा, अंधारात. फुलांना चांगले दोन आठवडे वाळू द्या. नि रोज उघडून बघू नका."

"बारीक चालेल का?"

मला वाटलं, फुलं बारीक आहेत. म्हटलं, "बारीक तर उत्तमच."

जाऊबाई घरी यायच्या आदल्या दिवशी मी घर आवरायला गेले. कपाटाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. सरकवायला गेले तर हलेना. झाकण काढलं. आत काठोकाठ वाळू.

"भाऊजी, फुलं कुठायत?"

"आत."

"आत म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात ना, वाळू द्या. दिली. बारीक, गिलाव्याची. तीनदा धुतली, उन्हात तापवली, पिठाच्या चाळणीनं चाळली."

"जाऊबाईंच्या चाळणीनं?"

"ते तिला सांगू नका."

मी जमिनीवरच बसले, पोट धरून हसले. "अहो, वाळू द्या म्हणजे सुकू द्या!" पण पन्नास वर्षं गिलावा केलेल्या माणसाला वाळू म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? हसता हसता त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं नि माझं हसू गेलं. तिन्ही फुलं त्यांनी कापून पुरली होती. झाडावर आता कळीसुद्धा नव्हती.

"वहिनी, गेली का हो सगळी?"

"बघू तर."

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं नि डबा तिरका केला. वाळू बारीक धारेनं पडू लागली. माझा जीव त्यांच्या हातांकडे. हेच ते कपबश्यांचे काळ. पहिलं फूल आलं नि त्याच्या दोन पाकळ्या गळल्या. भाऊजींनी डबा आणखी हळू तिरका केला. दुसरं आलं ते अख्खं! तिसरंही. रंग थोडा गडद झालेला, वास गेलेला, पण पाकळीन् पाकळी जागच्या जागी, जसं आत्ताच उमललंय.

"एवढं कसं जमलं?"

"चमच्यानं घातली, एकेका पाकळीमागं. पोकळी राहिली की काम खचतं." हे सांगताना छाती बघायची होती त्यांची.

मी जन्मभर नुसत्या डब्यात फुलं सुकवते. ती आक्रसतात, तपकिरी होतात. पण हे मी त्यांना तेव्हा बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई पलंगावर टेकल्या नि भाऊजींनी फूल पुढं केलं.

"कुठून आणलंत? कागदाचं दिसतंय."

"कागदाचं? तुझ्या कुंडीतलं आहे!"

"मला बनवू नका. त्याला कुठली फुलं येतायत!"

भाऊजी इतके चिडले की त्यांनी फूल उलटं धरून टिचकी मारली. पाकळ्यांमधून चिमूटभर वाळू धुतलेल्या चादरीवर पडली. "कागदाच्या फुलातून वाळू पडते का? सांग!"

जाऊबाईंनी फूल हातात घेतलं. देठाशी काटे होते, तेही चाचपले. एक टोचला तेव्हा त्यांची खात्री पटली.

"आला की हो शेवटी," त्या म्हणाल्या. मग चादरीकडे बघून, "नि हे आता झाडणार कोण?"

भाऊजी निमूट झाडायला लागले. मी ताट आणलं, तरी बाईसाहेब फूल खाली ठेवेनात. एका हातात चमचा, एका हातात गुलाब, अशाच जेवल्या.