मुरबाडला न काढलेली तार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि मी किती बोलते ते तुम्हाला आता कळेलच. मग हेच एवढं पोटात कसं राहिलं? राहिलं खरं.

शहापूरला एका सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, दुसरी शाखा मुरबाडला. मी शिकवायचे. कॉलेज नाही, काही नाही — पुस्तकं वाचून, मशीन उघडून शिकलेली बाई. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. तेव्हा इंटरनेटवर मला एक फुकट सॉफ्टवेअर सापडलं. एकमेकांना जोडलेल्या मशीनांवर लक्ष ठेवणारं. पडद्यावर प्रत्येक मशीनचा एक ठिपका — जोडणी चालू तर हिरवा, तुटली तर लाल. बनवणारे जगभरचे लोक, पगार कुणालाच नाही. ते सगळ्यांना विचारायचे — तुमच्याकडच्या विंडोजवर, लिनक्सवर चालवून बघा आणि कळवा. मला किती आनंद झाला, सांगू? मला कुणीतरी काही विचारत होतं!

तपासायची रीत साधी. ठिपका हिरवा असताना मशीनची जोडणीची तार काढायची आणि तो लाल होतो का बघायचं. शहापूरला लिनक्सवर बघितलं — लाल. नव्या विंडोजवर — लाल. जुनं विंडोज फक्त मुरबाडच्या मशीनांवर होतं. तिथं जायचं म्हणजे एसटीत अर्धा दिवस. गेले नाही. आजारी होते का? नव्हते. एसटी बंद होती? तीही नाही. माझा अहवाल सगळ्यांच्या आधी पोचावा, एवढंच. बसल्या जागी लिहिलं — जुनं विंडोज, तार काढली, ठिपका लाल झाला, ठीक.

त्यांच्या आभाराच्या यादीत माझं नाव आलं. ती यादी कागदावर छापून अख्ख्या क्लासला दाखवली मी. मग तेच सॉफ्टवेअर मुरबाडला बसवलं. "मी तपासलंय," म्हणाले सरांना.

मुरबाडला सुलभा होती. पाड्यावरची पोर, बारावी झालेली, माझ्या हाताखाली शिकलेली. मला मावशी म्हणायची. क्लासच्या परीक्षेला सरांनी तिला एकच काम दिलं — पडद्यासमोर बसायचं, लाल दिसलं की पेपर थांबवायचा. मागच्या रांगेला जाणारी तार उंदरानं कुरतडलेली, ती पेपर चालू असतानाच तुटली. ठिपके हिरवेच राहिले. त्या रांगेतल्या मुलींची उत्तरं मुख्य मशीनपर्यंत पोचलीच नाहीत.

सरांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. सुलभा रडत नव्हती, चिडली होती.

"मावशी, हिरवंच होतं गो! मी जाग्यावरनं उठलेच नाय. तूच सांग ना सरांना!"

मला कळलं होतं. तिथल्या तिथं कळलं होतं. आणि मी काय केलं? हसले — हो, हसले — आणि म्हणाले, "अगं, उठली असशील चहाला. होतं असं."

सरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मुलींनी पुन्हा पेपर दिला, त्यांचं निभावलं. आठवड्यानं मी मुरबाडला जाऊन एकटीनं तार काढली. ठिपका हिरवा. किती वेळ बघत बसले — हिरवाच. पुढं परदेशातल्या कुणीतरी ती चूक कळवली, त्यांनी ती दुरुस्त केली. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सुलभानं पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज हातानं लिहून देते. मी दिसले की अजून स्टूल पुढं सरकवते, "बस गो मावशी." आणि मी बसते! इतकी वर्षं मी त्या स्टुलावर बसत आले.

तिचं नाव मी इथं बदललेलं नाही. छापायला देण्याआधी हे उद्या तिच्या टेबलावर ठेवणार आहे. ती वाचेल, नाहीतर फाडून टाकेल — तिची मर्जी.

आज लिहून झालं आणि जेवायला बसले. दोन घास जास्तच गेले, गोड लागले — खोटं कशाला बोलू? लागायला हवे होते की नाही, ते मला ठाऊक नाही.