निळा गुलाल कुठून निघाला

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा जुना उखडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. जुन्यावरच नवा ओतला. रस्ता वर गेला, त्याच्याबरोबर नाली वर गेली आणि घरं होती तिथेच राहिली. पाण्याने खालून वर चढावं अशी नाली बांधणाऱ्या ठेकेदाराचा खरं तर सत्कारच व्हायला हवा होता. मी पत्रक काढलं. 'जाब द्या!' असं शीर्षक. माझ्या बहुतेक पत्रकांचं तेच असतं.

पत्रकाने रस्ता खाली येत नाही, हे बाबांना माझ्याआधी कळलं. त्यांनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि ती अंगणातल्या चिखलात रुतत होती. त्यांनी फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवून घेतले, फाटकाच्या आत जाळीची आडवी नाली काढली. आता त्या नालीतलं पाणी सोडायचं कुठे? रस्त्याची नाली तर आमच्या अंगणाहून उंच. किन्हीराजा गावच्या मिस्त्रीला खोदता खोदता उत्तर सापडलं. जमिनीखाली भाजक्या मातीचा जुना पाईप लागला, आमच्या घराच्याही आधीचा. त्याने त्यात बादलीभर पाणी ओतलं. पाईपने ते गिळलं. दुसरी बादलीही गेली.

"पाईप चालू हाये," मिस्त्री म्हणाला.

"मंग जोडून टाका," बाबा म्हणाले.

हे पाणी जातं कुठे, असं विचारायची सवय असलेलं माणूस त्या घरात एकच, मी. आणि मी तेव्हा चहा आणायला आत गेले होते.

मिस्त्रीने नवा प्लास्टिकचा पाईप त्या मातीच्या तोंडात खुपसला, भोवती सिमेंट थापलं, वर गट्टू बसवून टाकले. पुढच्या पावसात अंगण अर्ध्या तासात कोरडं. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

पंधरा दिवसांनी खालच्या गल्लीतली चाची आली. चाची गाद्या भरते. तिच्या कापसाच्या खोलीत फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येऊन राहिलं होतं, आणि त्याच खोलीत आसेगावच्या लग्नाच्या सहा गाद्यांचा कापूस पडला होता.

"बेटा, तू कागदं लिवतं ना? मायासाठी एक लिव. हा कापूस भिजला त लग्नवाल्याले काय तोंड दाखवू?"

मी अर्ज लिहिला. तीन उद्गारचिन्हांचा. नगर परिषदेतल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "आमच्या नकाशात त्या भागात जमिनीखाली पाईपच नाही."

"मग पाणी कुठून येतं?"

"पाणी येत असेल. कोणाचं ते शोधून आणा, नोटीस काढतो."

चाचीच्या दारात, लोक ऐकत असताना, मी जाहीर केलं की ज्याचं पाणी असेल त्याचं नाव त्याच्याच फाटकावर चिकटवीन, माणूस कितीही मोठा असो. 'कितीही मोठा' म्हणताना मी ठेकेदाराच्या बंगल्याकडे बघत होते. तो आमच्याच गल्लीत राहतो. त्याच्या फाटकासमोर नाली, काय नवल, बरोबर खाली आहे.

घरात जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल उरला होता, दोन पुड्या. पहिली घेऊन ठेकेदाराकडे गेले. त्याने स्वतः फाटक उघडलं. "टाका ताई, बिनधास्त टाका." त्याच्या नालीत पुडी टाकली, वर पाणी सोडलं आणि चाचीकडे निळं निघतं का याची वाट बघितली. चाचीचा फोन, "काहीच नाही वं, साधंच पाणी हाये." ठेकेदाराने मला चहा विचारला. अपमान करायची ही पद्धत मी पहिल्यांदा पाहिली.

दुसरी पुडी आमच्या जाळीत टाकली. निव्वळ निष्पक्षपणा म्हणून. पत्रकात तेवढंच एक वाक्य झालं असतं. दोन बादल्या ओतल्या आणि फोन वाजला.

"आलं बेटा! निळंशार! कापसाले लागून राह्यलं, धाव!"

धावले. चाची आणि मी गठ्ठे उचलून पलंगावर टाकले. एकाची एक बाजू निळी झाली होती. चाचीने माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "पुडी कुठी टाकली व्हती?" मी सांगितलं. तिने निळा कापूस तोडून वेगळा काढायला घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्री आला, त्याने फरशी उचलली. पाईप नेमका तिच्या खोलीखाली फुटला होता. "मले वाटलंच व्हतं," तो म्हणाला. वाटलं होतं तर बोलला काहून नाही, हे त्याला दोनदा विचारलं.

बाबांचं म्हणणं वेगळंच. "जमिनीखाली गुलाल इकडून तिकडून जाते. आपलाच कशावरून?" मग आवाज खाली आणून, "बापाचं नाव लावतं तू फाटकावर?"

लावलं. बाबांचं, खाली माझं, 'जोडताना घरात असूनही विचारलं नाही' असं लिहून. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली वाचून गेली. बाबांनी तो कागद फाडला नाही. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि मिस्त्रीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी गट्टू निघाले, मातीच्या पाईपचं तोंड सिमेंटने बंद झालं. आता पाऊस आला की अंगणात पाणी साचतं आणि गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. तो उंच आहे, कोरडा आहे. ठेकेदाराचं काम असं कामी आलं. रस्त्याच्या त्या नालीवरचं नवं पत्रक मी लिहून राहिले आहे. या वेळी पहिल्या ओळीत आमचंच फाटक आहे.

चाचीची जमीन चार दिवसांत सुकली, सहाही गाद्या आसेगावला वेळेवर गेल्या. निळा कापूस तिने वेगळा वाळवला, त्याची उशी भरली आणि आमच्याकडे घेऊन आली. मला वाटलं माझ्यासाठी.

"तुया बापाले दे," ती म्हणाली. "जोडायच्या आधी यावर डोकं ठिवून इचार करत जाय म्हणा."