तोंडं फिरव, म्हाराजा

माझ्या पीएच.डी.चा विषय बाबांनी वाडीत सांगितला तो ‘करंटचं वाटप’ असा, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. पुण्याहून रत्नागिरीला घरी पोचते न पोचते तोच शेजारची काकू मिक्सर घेऊन हजर. “वाटप तुज्याकडंच हाय ना? मंग आमच्या लायनीला वाईच जास्त सोड.”

माझं डोकं मुळातच तापट. पडवीतच मी बाबांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. लोहचुंबकाचे दोन थर, मध्ये तांब्याचा एक. इतके पातळ, की केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. दोन्ही चुंबकांची तोंडं एका दिशेला असली की करंट सुखाने जातो, विरुद्ध झाली की अडखळतो. कुठल्या थरातून किती जातो, एवढंच मला मोजायचंय. पण माझे दोन्ही थर मेंढरांसारखे एकदमच वळत होते. या खेपेला नाही जमलं तर विषय बदला, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

“गावदेवाला गाऱ्हाणं घालूया,” बाबा म्हणाले.

गाऱ्हाण्याला घरातले सगळे हवेत, म्हणून काकाही आला. बाबा आणि काका एकाच घरात राहतात, पण सहा वर्षं बोलत नाहीत. कारण दोघांच्या बागांमधल्या दगडी गडग्यावरचा फणस कुणाचा, हे. तो फणस मागेच वादळात पडला, अबोला तेवढा उभा आहे. देवळातही दोघं एकाच खांबाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून उभे राहिले.

गुरवांनी नारळ हातात घेतला. “बा गावदेवा म्हाराजा, ही जी काय तुजी लेक पुण्याला करंटाचं वाटप करतेय...”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“तिच्या त्या दोन थरांची तोंडं एका दिशेला कर...”

“नको!” मी ओरडले. “एका दिशेलाच आहेत, तीच तर बोंब आहे. विरुद्ध व्हायला हवीत!”

गुरवांनी नारळ खाली घेतला. “बाय, देवाकडं कोण भांडण मागतं काय?” त्यांनी खांबाकडे पाहिलं. “आमच्या गावात ते न मागता मिळतंय.”

मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. तीन वर्षांचं काम एका नारळावर येऊन टेकलं होतं आणि तोही उलटा निघाला होता.

“पोरीला पायजे ते मागा,” काका समोरच्या भिंतीला म्हणाला.

“व्हय, तेच मागा,” बाबा दुसऱ्या भिंतीला म्हणाले.

सहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, तेही तोंडं फिरवण्यावर. गुरवांनी नाइलाजाने डोळे मिटले. “फिरव म्हाराजा, त्यांची तोंडं फिरव!” त्यावर सगळ्यांत मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणाले ते हे दोघे.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक थर वळला, दुसरा जागेवर राहिला. करंटला होणारा रोध टुणकन वर गेला. मी तिथेच नाचले आणि घरी फोन लावला.

“फिरली?” बाबांनी विचारलं.

“फिरली!”

“तुज्या काकाला सांग.”

“काका कुठाय?”

“हा काय, बाजूलाच बसलाय.” त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“काका, फिरली तोंडं!”

“झकास! तुज्या बापाला सांग, नारळ मी फोडतो.”

“बाबा, नारळ काका फोडणार.”

“बरं म्हणावं. आणि खोबरं सगळ्यांना वाट म्हणावं.”

“काका, बाबा बरं म्हणतायत. आणि खोबरं सगळ्यांना वाट.”

दोघांमध्ये हातभरही अंतर नव्हतं. तरी अर्धा तास ते मला मधे ठेवून पुण्यामार्गे बोलत राहिले.

प्रबंधात मी लिहिलंय, की बहुतेक सगळा करंट मधल्या तांब्यातूनच जातो. तांबं किती तापतं, ते मात्र मी कुठेच मोजलेलं नाही.